झांकली मूठ

रत्नागिरी शहराची वस्ती संपते न संपते तोंच मिरजोळें गांव लागतें. औद्योगिक वसाहतीमुळें या गांवाचें नांव आतां जिल्ह्याबाहेरहि ऐकूं येतें. तरी आंब्याचीं कलमें, जांभ्या दगडाचे गडगे आणि शिमग्यांत घरोघर फिरणारी पालखी या गोष्टी तेथें अजून आहेतच. गेल्या हिवाळ्यांत कांहीं कामानिमित्त तेथील एका स्नेह्यांकडे गेलों असतां, सायंकाळीं शेजारच्या पटांगणांत वीस-पंचवीस मुलें पांढरे पोशाख करून, कमरेस रंगीबेरंगी पट्टे बांधून, ओळीनें उभीं असलेलीं दिसलीं. शिक्षकानें जपानी भाषेंतील अंक उच्चारावा आणि साऱ्या मुठी एकदम पुढें याव्या, असा क्रम चालला होता. स्नेह्यांचे वृद्ध वडील ओटीवर बसून तें पाहात होते. ते म्हणाले, "हें सारें मूळचें आपलेंच हो. बोधिधर्म म्हणून एक भिक्षु येथून चीनांत गेला, त्यानें तिकडे शिकविलें, तेथून तें जपानांत पोहोंचलें. आपण विसरलों, त्यांनीं जतन केलें." तेवढ्यांत त्यांची दहा वर्षांची नात कराटे आटोपून घरीं आली. आजोबांचे शब्द तिच्या कानांवर पडले होते. ती म्हणाली, "आपलेंच होतें, तर मग आम्ही ‘इचि, नी, सान’ कां म्हणतों? ‘एक, दोन, तीन’ कां नाहीं?" आजोबा हंसले, पण त्यांना उत्तर सुचलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मलाहि सुचलें नाहीं.

त्या मुलीच्या प्रश्नांत वस्तुतः दोन प्रश्न आहेत. बोधिधर्माची कथा खरी कीं खोटी, हा पहिला. ती बाजूस ठेविली तर मुठीनें लढण्याची विद्या आपल्याकडे होती कीं नव्हती, आणि होती तर ती गेली कोठें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर थोडक्यांत देतां येतें. दुसऱ्यासाठीं मात्र कल्याणीपासून मोढेऱ्यापर्यंत आणि म्हैसुरापासून काशीपर्यंत थोडी भ्रमंती करावी लागेल.

बोधिधर्म हा चीनमधील ध्यानपंथाचा आदिगुरु म्हणून पूजिला जातो. तो पांचव्या-सहाव्या शतकांत हिंदुस्थानांतून तिकडे गेला, अशी तिकडील रूढ परंपरा आहे. परंतु शाओलिनचा प्रसिद्ध विहार ४९५ च्या सुमारास स्थापन झाला, तो बातुओ नांवाच्या दुसऱ्याच भारतीय भिक्षूसाठीं. आणि बोधिधर्मानें कोणास मुष्टियुद्ध शिकविल्याचा उल्लेख त्याच्या जवळच्या काळांतील चिनी लेखांत आढळत नाहीं. शरीर कमावण्याच्या विद्येशीं त्याचें नांव जोडणारा ‘यी-जिन-जिंग’ हा ग्रंथ १६२४ च्या सुमाराचा, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनीं रचलेला आहे. ग्रंथ फार जुना वाटावा म्हणून त्यास ज्या प्रस्तावना जोडल्या आहेत, त्यांत काळाचे अनेक घोटाळे आहेत. तांग हाव या चिनी संशोधकानें १९३० च्या सुमारास हें सारें तपासून ती कथा निराधार ठरविली. ज्यांच्या देशांत ही दंतकथा वाढली, त्यांच्यांतील विद्वानानेंच ती पुराव्यापुढें सोडून दिली. ती आपण उराशीं धरून बसणें शोभत नाहीं.

मग आपल्याकडे कांहींच नव्हतें काय? होतें, आणि त्यास उसन्या दंतकथेची गरज नाहीं. कंसाच्या आखाड्यांत चाणूराबरोबर जो दुसरा मल्ल उभा होता त्याचें नांवच मुष्टिक. चाणूराला कृष्णानें मारिलें आणि मुष्टिकाला बलरामानें. पुराणकथेवरून इतिहास सिद्ध होत नाहीं हें खरें; पण ज्या समाजांत मल्लाचें नांव मुठीवरून पडतें, त्या समाजाला मुठीचें सामर्थ्य ठाऊक होतें, एवढें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

पुराणांतून इतिहासाच्या उजेडांत यावयाचें तर कल्याणीच्या चालुक्यांकडे वळावें लागतें. त्यांच्या सत्तेखालीं महाराष्ट्राचा मोठा भाग होता. त्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानें ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. राजाच्या करमणुकींत त्यानें ‘मल्लविनोद’ हा स्वतंत्र विषय घातला असून, मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार, त्यांचे श्रम व डाव यांचें वर्णन केलें आहे. मल्लांच्या प्रतींत सर्वांत वरच्या मल्लास तो ‘ज्येष्ठिक’ म्हणतो. जुन्या मराठींत मल्ल या अर्थी ‘जेठी’ हा शब्द आहे, तो याच कुळांतला. आणि हाच शब्द अभिमानानें जातीचें नांव म्हणून धारण करणारा एक समाज गुजराथेंत होता, तो म्हणजे मोढेऱ्याचे ज्येष्ठिमल्ल. आपल्या विषयाचा खरा धागा येथून सुरू होतो.

मोढेरा हें तेथील सूर्यमंदिरामुळें वाचकांस माहीत असेल. पहिल्या भीमदेव सोळंकीच्या काळीं, १०२६-२७ च्या सुमारास, तें उभें राहिलें. या परिसरांतील ज्येष्ठिमल्ल स्वतःस ब्राह्मण म्हणवीत आणि कुलदेवता म्हणून लिंबजा देवीस भजत. त्यांचें स्वतःचें पुराण आहे. ‘मल्लपुराण’ या नांवाचा हा संस्कृत ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९६४ सालीं छापून प्रसिद्ध झाला. ही विद्या श्रीकृष्णानें आपल्या पूर्वजांस दिली, अशी त्यांची श्रद्धा त्यांत सांगितली आहे; पण त्याबरोबरच ऋतुमानाप्रमाणें मल्लानें काय खावें, कोणते श्रम करावे, आखाडा कसा असावा, याचाहि तपशील आहे. युद्धविद्येस वाहिलेली जात, तिची देवता आणि तिचें पुराण, असा पूर्ण संसार या लोकांनीं उभारिला होता.

यांची खास विद्या म्हणजे वज्रमुष्टि. या नांवाचें एक लहानसें हत्यार असे. शिंगाचें, हस्तिदंताचें किंवा धातूचें हें हत्यार उजव्या हाताच्या बोटांत बसवीत. मूठ आवळली म्हणजे त्याचीं टोकें बोटांच्या पेरांवर उभीं राहात. १६५९ सालीं प्रतापगडाखालीं शिवाजीमहाराजांनीं वापरलेलीं वाघनखें आपणां सर्वांस माहीत आहेत. परंतु वाघनखें तळहातांत लपवावयाचीं असतात आणि त्यांनीं फाडावयाचें असतें. वज्रमुष्टि उघड उघड मुठीवर चढवावयाची आणि तिनें ठोसा मारावयाचा. रोमन मल्ल हातांस चामडें व धातु बांधून लढत, त्याचीच ही आपल्याकडील बहीण म्हणावी. मात्र एक भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. वज्रमुष्टींत नुसता प्रहार नव्हता. उजव्या हातानें प्रहार, डाव्यानें बचाव आणि संधि सांपडतांच कुस्तीची पकड, असें तें मिश्र युद्ध होतें.

हें युद्ध दक्षिणेंत किती दूर पसरलें होतें, याची साक्ष परकी प्रवाशांनीं दिली आहे. कृष्णदेवरायाच्या काळीं, १५२० च्या सुमारास, दोमिंगो पायश हा पोर्तुगीज विजयनगरांत होता. महानवमीच्या उत्सवांतील मल्लयुद्धें पाहून तो लिहितो कीं, हें आमच्याकडील कुस्तीसारखें नाहीं. येथें ठोसे असे बसतात कीं दांत पडतात, डोळे जातात आणि कित्येकांस मित्रांना उचलून न्यावें लागतें. पंधरा-सोळा वर्षांनीं आलेला नूनिश हा दुसरा पोर्तुगीज हातांत टोकदार कड्या घालून एकमेकांस घायाळ करणाऱ्या मल्लांचें वर्णन करितो. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स स्करी नांवाचा इंग्रज खलाशी म्हैसूरच्या राज्यांत दहा वर्षें कैदेंत होता. टिपूसमोर होणारीं जेठींचीं युद्धें त्यानें पाहिलीं. त्याच्या १८२४ सालीं छापलेल्या हकीकतींत सर्व तपशील आहे: मुंडण केलेलीं डोकीं, तेल माखलेलीं अंगें, उजव्या मुठीवर चार पोलादी नखें, आरंभीं गळ्यांतील फुलें प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर फेंकण्याची चाल आणि मग रक्त. पकड जमली कीं हात-पाय मोडेपर्यंत ते सोडीत नसत, असें तो सांगतो. तीन शतकांच्या अंतरानें आलेल्या या माणसांची साक्ष इतकी जुळते कीं, ही एक सलग परंपरा होती याविषयीं शंका उरत नाहीं.

आतां बडोद्यास येऊं. गायकवाडांचा दरबार मराठी, भूमि गुजराथी आणि ज्येष्ठिमल्लांचें मूळ ठाणें जवळच. त्यामुळें या विद्येस तेथें मोठा आश्रय मिळाला. खंडेराव महाराजांच्या कारकीर्दींत (१८५६–१८७०) लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी बडोद्यास राहिला होता. शिंगाचीं नखें हातास बांधून होणारी एक झुंज त्यानें पाहिली. लढणारे भांग पिऊन आलेले, अंगावर रक्ताच्या धारा, महाराज खेळांत रंगलेले आणि जिंकणाऱ्यावर बक्षिसांची खैरात, असें तें दृश्य आहे. पाहुण्याला तें पाहवेना. त्याच्या डोळ्यांनीं आपण तें वाचूं लागलों म्हणजे आपल्यालाहि पाहवत नाहीं.

येथें या विद्येचें मर्म आणि तिचें मरण दोन्ही एकत्र दिसतात. ती टिकली कशावर? जातीवर आणि दरबारावर. बापानें मुलास शिकवावें, मुलानें राजापुढें लढावें, राजानें तोडा किंवा शेला द्यावा आणि त्यावर घर चालावें. बाहेरच्या माणसास या घरांत शिरकाव नव्हता. त्यांना दोष देणें सोपें आहे. पण जी विद्या हीच ज्याची शेती, ती त्यानें शेजाऱ्यास कां वाटून द्यावी? आपल्या वैद्यांनीं गुण येणाऱ्या मुळ्या लपविल्या आणि गवयांनीं चिजा लपविल्या, त्या याच पोटाच्या कारणानें. ‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्याकडे उगीच रूढ झाली नाहीं. मूठ झांकलेली असेपर्यंत तिचा दरारा राहतो. परंतु ही म्हण अब्रूच्या बाबतींत जितकी खरी, तितकी विद्येच्या बाबतींत घातक आहे. राजाची आवड बदलली, रक्ताच्या खेळांची नव्या काळास किळस आली, आणि शेवटीं राज्येंच गेलीं. बडोदें संस्थान १९४९ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. दरबार उठला तेव्हां या विद्येस जावयास दुसरें घर उरलें नव्हतें. शाळा नव्हती, तालीम नव्हती, परजातीचा एकहि शिष्यवर्ग नव्हता.

जेठींचें पुढें काय झालें, तें पाहिलें म्हणजे मन हेलावतें. सांधा कोठें निखळतो हें ज्यांना ठाऊक, त्यांनाच तो बसवावा कसा हेंहि ठाऊक असतें. गुजराथेंत काय किंवा म्हैसुराकडे काय, कित्येक जेठी हाडवैद्य म्हणून नांवाजले. मोडणाऱ्या हातांनीं जोडण्याचें काम पत्करिलें. लढाईचा अंश आतां मुख्यतः एकाच ठिकाणीं उरला आहे. म्हैसूरच्या राजवाड्याच्या चौकांत विजयादशमीस, जंबुसवारी निघण्यापूर्वीं, जेठींच्या दोन जोड्या वज्रमुष्टि घेऊन समोरासमोर येतात. रक्ताचा पहिला थेंब दिसतांच लढत थांबते. एके काळची विद्या आज वर्षांतून एका सकाळीं, कांहीं क्षणांपुरती, विधि म्हणून जिवंत होते.

आतां याच काळांतील दुसरें चित्र पाहूं. तें आपल्या अधिक जवळचें आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं बाळंभटदादा देवधर नांवाचे मल्ल होते. निजामाच्या राज्यांतून अली व गुलाब असे दोन पहिलवान पुण्यास आले आणि त्यांनीं आव्हान दिलें. बाळंभटांनीं मुदत मागितली, सप्तशृंगीवर जाऊन उपासना व मेहनत केली, आणि परत येऊन अलीस चीत केलें, अशी परंपरेची कथा आहे. त्यांची कीर्ति मुख्यतः मल्लखांबामुळें राहिली. लांकडी खांबावर कुस्तीच्या पकडींचा सराव करण्याची कल्पना जुनीच. बाळंभटांनीं तिला शास्त्राचें रूप दिलें आणि शिष्य तयार केले. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. बाजीराव ब्रह्मावर्तास गेले. म्हणजे या विद्येचाहि दरबार उठला. पण ती बुडाली नाहीं. शिष्यांनीं ती काशीस नेली, बडोद्यास नेली, गांवोगांवच्या तालमींत नेली. काशीस कोंडभटनाना गोडबोले यांचा आखाडा प्रसिद्ध झाला. देवधर, गोडबोले हीं आडनांवें वाचतांच रत्नागिरीकडील माणसास आपल्या शेजारचीं वाटावीं, हें साहजिक आहे.

काशीचा उल्लेख आला म्हणून सांगावयास हवें कीं, नुसत्या मुठीनें खेळण्याचा एक प्रकार तेथेंहि होता. त्यास मुक्की म्हणत. कठीण वस्तूंवर ठोसे मारून मुठी घट्ट करावयाच्या आणि एकेकट्यानें किंवा गटागटांनीं झुंजावयाचें, असा तो खेळ. त्यांत देवधर घराण्यांतील नारायणगुरूंचें नांव झालें. एका वेळीं दहा-बारा सामान्य गड्यांस ते पुरून उरत, असें सांगतात. म्हणजे मराठी माणसानें मुठीचीहि विद्या आत्मसात केली होती. पण मल्लखांबाला जसा क्रम, जशी परिभाषा आणि जशी तालीम लाभली तशी मुक्कीला लाभली नाहीं. ती गल्लींतली मर्दुमकी राहिली, आणि गल्ली शांत झाली तशी ओसरली.

मल्लखांब व कुस्ती यांची वाट निराळी पडली, याचें कारण ज्यांनीं आपली मूठ उघडली अशीं माणसें त्यांना भेटलीं. बडोद्यास जुम्मादादा या मुसलमान उस्तादांनीं आपली विद्या माणिकरावांसारख्या महाराष्ट्रीय शिष्यास दिली. माणिकरावांनीं गुरूच्या नांवानें व्यायाममंदिर चालविलें, आणि कवाइतीच्या इंग्रजी आज्ञांच्या जागीं देशी आज्ञा बसवून शेंकडों मुलांस एका वेळीं शिकविण्याची पद्धति घालून दिली. त्याच बडोद्यांत दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनीं १९३६ ते १९४९ या काळांत ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड मराठींत प्रसिद्ध केले. अमरावतीस १९१४ सालीं स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनीं १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या प्रसंगीं देशी खेळ करून दाखविले. कोल्हापुरास शाहूमहाराजांनीं कुस्तीसाठीं १९१२ सालीं खासबाग मैदान उभें केलें, तेथें कोणत्याहि जातीचा गडी लंगोट कसून उतरूं शके. दरबार येथेंहि होताच. पण तो विद्येचा धनी झाला नाहीं, तिचा दरवाजा झाला.

या दोन चित्रांशेजारीं कराट्याचें तिसरें चित्र ठेवावें. ओकिनावा बेटांतील ही विद्याहि एके काळीं अशीच झांकलेली होती. निवडक शिष्यांस, तीहि गुपचूप, ती शिकवीत. आणि तिचें नांव ‘चिनी हात’ अशा अर्थाचें होतें. इतोसु आंको या वृद्ध गुरूनें १९०१ च्या सुमारास ती ओकिनावाच्या प्राथमिक शाळेंत आणिली. मुलांस झेपावी म्हणून तिचे सोपे पाठ बांधिले, आणि १९०८ सालीं शिक्षणखात्यास पत्र लिहून ती सर्व शाळांत शिकवावी असें सुचविलें. त्याचा शिष्य फुनाकोशी गिचिन यानें १९२२ सालीं तोक्योंत तिचें प्रात्यक्षिक केलें. पांढरा पोशाख आणि रंगीत पट्टे जुदोकडून घेतले. १९३६ सालीं ओकिनावांतील गुरुजनांनीं एकत्र बसून ‘रिकामा हात’ या अर्थाचें आजचें नांव मान्य केलें. पुढें पाऊणशेंहून अधिक वर्षांनीं, २०२१ सालीं, तोक्योच्या ऑलिंपिकांत हा खेळ खेळला गेला. मिरजोळ्याच्या पटांगणांत तो कसा आला याचें उत्तर बोधिधर्माच्या कथेंत नाहीं. तें त्या १९०१ च्या शाळेंत आहे.

कोणी म्हणेल, वज्रमुष्टि ही क्रूर विद्या. ती गेली तें बरेंच झालें. या म्हणण्यांत तथ्य आहे, पण अर्धेंच. कुस्ती तरी मुळांत कोठें सौम्य होती? भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी असे तिचे चार प्रकार जुने लोक सांगत, आणि त्यांतील जरासंधी प्रकार अवयव मोडण्याचाच होता. तालमींतील वस्तादांनीं त्यांतलें घातक तें बाजूस सारिलें आणि खेळ तेवढा ठेविला. इतोसूनेंहि तेंच केलें. मुठीवरचें शिंग काढून ठेविलें असतें, तर वज्रमुष्टींतला पवित्रा, नजर, प्रहार आणि पकड यांचा मेळ मुलांना शिकविण्याजोगा उरलाच असता. पण शिंग काढण्यासाठीं आधीं मूठ उघडावी लागते. आणि ती उघडण्याचें कारण त्या घरांना कोणीं दिलें नाहीं. तो दोष त्या घरांचा थोडा आणि सुशिक्षित म्हणविणाऱ्या समाजाचा अधिक आहे. आपण ‘हें मूळचें आपलेंच’ असें म्हणण्यांत समाधान मानलें. जें खरोखर आपलें होतें त्याच्या दाराशीं शिष्य म्हणून कोणी गेलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं निघण्यापूर्वीं हें सारें त्या ओटीवर मी जमेल तसें सांगितलें. आजोबांस बोधिधर्म हातचा गेल्याचें थोडें वाईट वाटलें असावें, पण जेठींची हकीकत ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे होतें तें आपणच घरांत ठेवून घालविलें." नातीला मीं एवढेंच सांगितलें कीं, ज्यांनीं आपली विद्या शाळेंत आणून सर्वांच्या हातीं दिली, त्यांच्या भाषेंत जग अंक मोजतें, त्यांत आपल्याला कमीपणा नाहीं, धडा मात्र आहे. तिला तें पटलेंसें दिसलें. तिनें विचारलें, "मग मल्लखांब येथें कोठें शिकवितात?" या प्रश्नाचें उत्तर देण्याचें काम आतां तिच्या आजोबांचें, माझें आणि वाचकांचें आहे.